तहान की प्रश्न? : महाडचे वाचन आणि मराठी समीक्षेची गतानुगतिकता

१

महाड हे नाव मराठी साहित्यविचारात दीर्घकाळ एका रूपकाच्या आश्रयाने वावरत आले आहे. ते रूपक पाण्याचे आहे. चवदार तळे, ओंजळ, तहान, पेटलेले पाणी ह्या प्रतिमांच्या मालिकेतूनच १९२७ च्या घटनेकडे पाहण्याची सवय कवितेने लावली, समीक्षेने ती उचलली आणि अभ्यासक्रमाने तिचे सूत्रात रूपांतर केले. ह्या सूत्रानुसार महाड म्हणजे तृषार्ताचा उद्रेक. शतकानुशतके कोंडलेली वेदना एका दुपारी बांध फोडून बाहेर पडली, असा त्याचा सारांश. हे वर्णन आदराने केले जाते, त्यामागची सहानुभूतीही खरी असते. प्रश्न आदराचा नाही, आकलनाचा आहे. ज्या घटनेचा कणा युक्तिवाद होता, त्या घटनेला भावनेच्या कोटीत टाकून मराठी समीक्षेने काय साधले आणि काय गमावले, हे तपासण्याची वेळ कधीच उलटून गेली आहे.

रूपकाची पहिली अडचण साध्या वस्तुस्थितीपाशीच सुरू होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांना गावातले पाणवठे बंद होते, म्हणून चालकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेऊन त्यांची सोय केली होती. म्हणजे २० मार्चला जो जनसमुदाय शिस्तीने रांगा धरून तळ्याकडे चालत गेला, त्याची शारीरिक तहान भागवण्याची व्यवस्था आधीच झालेली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट निःसंदिग्धपणे मांडली. ह्या तळ्याचे पाणी न मिळाल्याने आजवर कोणी मेलेले नाही, तळ्यावर जायचे ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ‘सिद्ध करणे’ हे क्रियापद तर्कशास्त्राचे आहे. तृषेची भाषा आणि सिद्धतेची भाषा ह्यांत महदंतर आहे, आणि महाडचा सारा अर्थ ह्या अंतरात साठवलेला आहे.

विकत आणलेले चाळीस रुपयांचे पाणी रूपकाला गैरसोयीचे आहे, म्हणून ते समीक्षेत येत नाही. ते आले, तर घटना तहानेच्या क्षेत्रातून उठून प्रश्नाच्या क्षेत्रात जाते. जे पाणी पैसे मोजून मिळते ते हक्काने का मिळत नाही, हा तो प्रश्न. तो वेदनेतून जन्मतो, मात्र वेदनेपाशी थांबत नाही. आपल्याला सांगितले गेलेले सत्य खरोखर सत्य आहे काय, हे तपासण्याचा अधिकार तो मागतो. गतानुगतिक समाजाला ही मागणी पाण्याच्या मागणीहून अधिक धोकादायक वाटते, कारण पाणी देऊन तहान मिटवता येते, पण प्रश्न मिटवता येत नाही.

२

गतानुगतिक समाज म्हणजे अज्ञ समाज, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. महाडने ती खोटी ठरवली. १९२७ चे महाड हे अडाणी खेडे नव्हते. तेथे नगरपालिका होती, न्यायालय होते, इंग्रजी शाळा होती, वकील होते, शास्त्र जाणणारे होते. रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तशा आशयाचा ठराव करून चवदार तळे खुले केले. ठराव मराठीत होता, कायदेशीर होता, सुशिक्षितांनी केलेला होता. पुढची तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. माहिती सर्वांना होती, ज्ञान कोणालाच नव्हते असे म्हणता येईल, जर ज्ञान ह्या शब्दाचा अर्थ कृतीची जबाबदारी पत्करणारे आकलन असा घेतला तर.

ठराव म्हणजे संहिता. संहितेला अर्थ तेव्हा येतो, जेव्हा कोणी तरी ती स्वतःला उद्देशून लिहिली आहे असे समजून वाचतो. २० मार्च १९२७ रोजी, अनंतराव चित्रे ह्यांच्या सूचनेवरून, हजारो माणसांनी नगरपालिकेचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव अक्षरशः ‘वाचला’. चालत जाऊन ओंजळभर पाणी पिणे ही त्या वाचनाची रीत होती. त्यानंतर काय घडले ते सर्वविदित आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली, मंडपात जेवणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, आणि पुढे पंचगव्य मिसळलेल्या एकशे आठ घागरींनी तळ्याची शुद्धी करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या ठरावाने न वाचलेल्या अवस्थेत कोणालाही इजा केली नव्हती, तो वाचला जाताच असह्य झाला. गतानुगतिक समाज उदार संहिता सुखाने सांभाळतो. त्याला भय असते ते वाचकाचे.

हा वाचक एका दिवसात निर्माण झाला नव्हता. महाड परिसरातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर लेखणीकडे वळले. ‘विटाळ विध्वंसन’ ह्या १८८८ मधील आपल्या लेखनात त्यांनी विटाळाच्या कल्पनेला प्रश्नांच्या रूपाने घेरले. ह्या लेखनाचा रचनाबंध लक्षात घेण्याजोगा आहे. ते गाऱ्हाणे मांडत नाही, उत्तर मागते. आणि ज्यांच्याकडे शास्त्राचा अधिकार आहे असे मानले जाते, त्यांच्याकडेच मागते. १८९५ मध्ये वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सदस्यांना ती रुचली नाही. ह्या रोषाचे मूळ केवळ स्पर्शाच्या भयात शोधता येत नाही. ज्याने प्रश्न विचारले होते, तोच आता उत्तरे देणाऱ्यांच्या पंक्तीत बसणार होता.

दुसरे उदाहरण महाडजवळच्या लाडवलीच्या रामचंद्र बाबाजी मोरे ह्यांचे. १९०३ साली जन्मलेल्या ह्या मुलाला, शिष्यवृत्तीची पात्रता असूनही, महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने काय करावे? त्याने वर्तमानपत्राकडे दाद मागितली, ती छापून आली, आणि शाळेला त्याला घ्यावे लागले. पुढे ह्याच मोऱ्यांनी १९२७ च्या परिषदेच्या संघटनेत पुढाकार घेतला. वलंगकरांच्या पुस्तिकेपासून मोऱ्यांच्या पत्रापर्यंत आणि तेथून तळ्याच्या काठापर्यंत जी रेषा जाते, ती शाईची रेषा आहे. फौजेतील शाळा, निवृत्तांच्या वस्त्या, मुंबईच्या चाळींतून गावी येणारी वर्तमानपत्रे ह्यांनी ती ओढली. साहित्येतिहासाला ती पाण्याच्या रेषेइतकी ठळक दिसली नाही, हा साहित्येतिहासाच्या दृष्टीचा दोष आहे.

३

महाडपासून आग्नेयेला सावित्रीच्या खोऱ्यातून वर गेले की पोलादपूर लागते. पोलादपूर तालुक्यातील उमरठ तानाजी मालुसऱ्यांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे, मात्र पोलादपुरातच समाधी असलेल्या कवींद्र परमानंदाची आठवण क्वचित निघते. त्याचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य सदाशिव महादेव दिवेकरांनी मराठी भाषांतरासह संपादून १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. महाडचे वर्ष हेच. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र १६२७ हे जन्मवर्ष धरून शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी करीत होता, आणि परमानंदाचे काव्य मात्र शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी सांगत होते. उत्सव एका तिथीवर आणि पुरावा दुसऱ्या तिथीवर, असा हा प्रसंग होता. संशोधकांनी पुराव्याची बाजू घेतली म्हणून शिवचरित्राचे किंवा शिवभक्तीचे काही बिघडले नाही. ज्ञानाने श्रद्धेचा विषय नष्ट होत नाही, श्रद्धेची सवय तेवढी मोडते, ह्याचे हे उत्तम उदाहरण.

परंतु ह्याच परमानंदाच्या निमित्ताने एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. ‘शिवभारता’चे इंग्रजी भाषांतर जेम्स लेन ह्यांनी श्रीकांत बहुलकरांच्या सहकार्याने केले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे लेन ह्यांच्या शिवाजीविषयक दुसऱ्या एका पुस्तकावरून वाद उसळला. डिसेंबर २००३ मध्ये बहुलकरांच्या तोंडाला काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला व ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. त्या पुस्तकातील विधाने आक्षेपार्ह होती काय, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि तो वाद लिहूनच व्हायला हवा होता. तो लिहून झाला नाही, ही महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासातील शरमेची नोंद आहे.

येथे एक आक्षेप हमखास पुढे येतो. भांडारकरवरील हल्ला निषेधार्ह, तर २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालेले मनुस्मृतीचे दहन तरी निराळे कसे? दोन्ही ठिकाणी ग्रंथच नष्ट झाला. हा आक्षेप अनेकदा वाईट हेतूने घेतला जातो, तरीही त्याला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण उत्तर टाळणे हीदेखील एक गतानुगतिकताच.

उत्तर असे आहे. महाडला दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांनी मांडला आणि त्याला पां. ना. राजभोज ह्यांनी अनुमोदन दिले. दहनापूर्वी परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांची चर्चा झाली होती. १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला अध्यक्षीय भाषणात दिला गेला होता. विषमतेला धर्माची संमती कोठून मिळते, हा प्रश्न आधी मांडला गेला, मग त्याचे स्थान दाखवले गेले आणि त्यानंतर ते स्थान प्रमाण म्हणून नाकारले गेले. जाळले गेले ते ग्रंथाचे प्रामाण्य. ग्रंथ शिल्लक राहिला, आणि आंबेडकरांच्या टेबलावर तर तो अखेरपर्यंत राहिला. १९४६ च्या शूद्रांविषयीच्या आणि १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या त्यांच्या ग्रंथांत मनुस्मृतीची छाननी ओळीओळीने चालू असते. ज्याला ग्रंथ पुसून टाकायचा असतो, तो त्याच्या अभ्यासात पुढची वीस वर्षे घालवत नाही. भांडारकरमध्ये नेमके उलटे घडले. तेथे कोणत्याही मताचे प्रामाण्य तपासले गेले नाही. उद्या एखादे मत तपासण्यासाठी जी साधने लागतील, तीच फाडली गेली. एका कृतीने प्रश्न उघडा केला, दुसरीने तो बंद केला. कृतीचे बाह्यरूप सारखे दिसते म्हणून तिचा अर्थ सारखा ठरवणे ही चिन्हांची निरक्षरता आहे, आणि समीक्षकाला तरी ती शोभत नाही.

४

महाडचा तिसरा अंक न्यायालयात झाला. साहित्यविचाराने त्याकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडमधील काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब करावा लागला. हा दावा दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाने तो १९३१ मध्ये फेटाळला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातही वादी हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळून तो निकालात काढला.

ह्या दाव्यातील वादींचा मुख्य आधार रूढी हा होता. अस्पृश्यांना तळ्याचे पाणी न घेऊ देण्याची वहिवाट अनादि कालापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ह्या विधानाला शरण जाण्याऐवजी त्यालाच साक्षीला उभे केले. वहिवाट आहे हे ठीक, पण ती अनादि आहे कशावरून? अलीकडच्या काही वर्षांत तसे घडत आले एवढ्यावरून ती अनादि ठरत नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यात आहे, उघडे आहे, काठावर मुसलमानांचीही वस्ती आहे. अशा जलाशयावर एका समूहाचा अनन्य हक्क कधीपासून होता, ह्याचा पुरावा काय? पुरावा मिळाला नाही. रूढी हरली ती करुणेच्या आवाहनाने हरली नाही. ‘केव्हापासून?’ हा एक शब्द तिला पुरला.

साहित्यविचाराच्या दृष्टीने हा निकाल एखाद्या संहितेइतकाच वाचनीय आहे. ‘परंपरा’ ही संकल्पना मराठी समीक्षेत ज्या सैलपणाने वापरली जाते, त्या सैलपणाला तो उघडे पाडतो. परंपरेचे नाव घेतले की पुराव्याची जबाबदारी संपते, अशी समजूत १९८० नंतरच्या आपल्या बऱ्याच सिद्धांतनात मुरलेली आहे. देशीवादी भूमिकेचे काही पुरस्कर्ते जेव्हा ‘देशी’ आणि ‘परकीय’ ह्या कोटींनी मूल्यनिर्णय करतात, तेव्हा ते नकळत महाडच्या वादींच्या बाकावर जाऊन बसतात. देशीवादाने वसाहतकालीन न्यूनगंडावर केलेली टीका मोलाची आहे, वारकरी आणि सत्यशोधक परंपरांकडे त्याने वेधलेले लक्षही मोलाचे आहे. पण एखादी गोष्ट ह्या मातीतली आहे एवढ्याने ती मूल्यवान ठरत असेल, तर चवदार तळ्यावरील बंदी पूर्ण देशी होती. आणि एखादी गोष्ट बाहेरून आली एवढ्याने ती कृत्रिम ठरत असेल, तर एका तालुक्याच्या गावी भरलेल्या परिषदेत पॅरिसची आठवण काढणारे सारे लोक कृत्रिम ठरतात. खरी गोष्ट अशी की, विचार कोठून आला ह्याला महाडच्या मंडपात महत्त्व नव्हते. तो पटतो काय, आणि पटला तर त्याची किंमत मोजण्याची तयारी आहे काय, एवढेच तेथे विचारले गेले.

५

आता मुख्य मुद्दा. दलित साहित्याच्या समीक्षेत ‘वेदना, विद्रोह, नकार’ ही त्रयी गेली काही दशके मंत्रासारखी उच्चारली जाते. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिका तिने सुरू होते आणि प्रबंधाचा उपसंहार तिनेच पूर्ण होतो. एके काळी ही त्रयी उपयुक्त होती. रूपवादी सौंदर्यविचाराने ज्या अनुभवाला साहित्याबाहेर ठेवले होते, त्याला तिने आत घेतले. परंतु तिच्यातील एकही पद ज्ञानव्यापाराचे नाही, हे कोणाला खटकले नाही. प्रश्न, पुरावा, युक्तिवाद, खंडन, निष्कर्ष ही पदे ह्या समीक्षेच्या परिभाषेत शोधावी लागतात. परिणाम असा झाला की, दलित लेखक अनुभव पुरवणारा आणि समीक्षक त्याचा अर्थ लावणारा, अशी श्रमविभागणी स्थिरावली. एकाने सोसावे, दुसऱ्याने समजावे. ही व्यवस्था किती परिचित आहे! ज्या समाजात अर्थनिर्णयाचा अधिकार जन्माने वाटला गेला होता, त्या समाजाची समीक्षा सहानुभूतीच्या वाटेने तीच वाटणी पुन्हा करते, आणि तिला आपण पुरोगामी असल्याचे समाधानही लाभते.

ह्या वाटणीची खूण साहित्येतिहासात दिसते. १८७४ पासूनची ‘निबंधमाला’ मराठी गद्याच्या प्रकरणात येते. १८८८ मध्ये सुरू झालेला ‘सुधारक’ही येतो. १९२० चे ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ पासून निघालेले ‘बहिष्कृत भारत’ मात्र बहुधा ‘चळवळीची पार्श्वभूमी’ ह्या मथळ्याखाली उरकले जातात. आगरकरांचे वाक्य शैली म्हणून अभ्यासायचे आणि आंबेडकरांचे वाक्य दस्तऐवज म्हणून! ‘बहिष्कृत भारता’तील अग्रलेखांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नेमके मांडायचे, त्यातील गृहीत वेगळे काढायचे, मग उपहासाने आणि उदाहरणांनी ते निकामी करायचे, ही जी रीत आहे तिची मुळे आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या वादपद्धतीत जितकी आहेत तितकीच आधुनिक न्यायालयीन युक्तिवादात आहेत. अशा गद्याची शैलीवैज्ञानिक चिकित्सा हा मराठी विभागांचा स्वाभाविक विषय व्हायला हवा होता. साधनांची सबब सांगता येत नाही. रत्नाकर गणवीरांनी हे अग्रलेख १९७६ मध्ये संकलित केले, गंगाधर पानतावण्यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवर ग्रंथ लिहिला, वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली शासनाने १९९० मध्ये दोन्ही पत्रांचे अंक उपलब्ध करून दिले. सैद्धांतिक पातळीवर शरद पाटलांनी १९८८ मध्ये अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, १९९६ मध्ये शरणकुमार लिंबाळ्यांनी दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. ह्या साऱ्यांशी वाद घालण्याजोगे पुष्कळ आहे. वाद मात्र फारसा झाला नाही. त्यांची नावे संदर्भसूचीत गेली आणि त्रयी जागच्या जागी राहिली. महाडच्या संग्रामावरील आनंद तेलतुंबडे ह्यांचा विस्तृत ग्रंथ २०१६ मध्ये आला तो इंग्रजीत, हेही पुरेसे बोलके आहे.

ह्यावर असे म्हटले जाईल की, समीक्षेचा विषय साहित्यकृती आहे, विचार नव्हे. वैचारिक गद्याचे मूल्यमापन इतिहासकाराने वा समाजशास्त्रज्ञाने करावे. हा युक्तिवाद तत्त्वतः मान्य करता आला असता, जर तो सर्वांना सारखा लावला गेला असता. मराठी वाङ्मयाच्या आरंभाशीच भाष्यग्रंथ उभा आहे. ज्ञानेश्वरीत काव्य कोठे संपते आणि तत्त्वविवेचन कोठे सुरू होते, हे सांगण्याचा हट्ट कोणी धरीत नाही. म्हणजे विचार हा साहित्यबाह्य आहे, हा नियम नसून सवलत आहे, आणि ती ज्यांना नको आहेत त्यांना वगळण्यासाठी वापरली जाते.

विद्यापीठीय व्यवहाराने ह्या गतानुगतिकतेला संस्थात्मक रूप दिले आहे. ‘चिकित्सक अभ्यास’ हे शब्द शीर्षकात असलेल्या प्रबंधात चिकित्सेखेरीज सर्व काही सापडते. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेने पात्रता ठरते, तेथे चार पर्यायांपैकी एक निवडायचा असतो. पाचवा पर्याय सुचवणारा विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो. २०१० नंतर प्राध्यापकांच्या लेखनाचे गुणांकन सुरू झाले आणि लेखांची संख्या वाढली. वाढलेल्या संख्येत मतभेद किती, हे मात्र कोणी मोजत नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांमधून पहिल्यांदाच पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचणारा विद्यार्थी ह्या यंत्रात शिरतो तेव्हा त्याला काय शिकवले जाते? त्याच्या आजोबांच्या काळी ह्याच भूमीत प्रश्न विचारून शाळेचे दार उघडले गेले होते. त्याला मात्र उघड्या दारातून आत घेऊन तयार उत्तरे लिहून दिली जातात. प्रवेश मिळाला, प्रश्न काढून घेतला. १९२४ चा ठराव ह्याहून फार वेगळा नव्हता.

६

गतानुगतिकता केवळ प्रस्थापितांच्या छावणीत असते, असे मानणे हा आणखी एक भ्रम. महाडच्या इतिहासातच त्याचे निराकरण आहे. सत्याग्रहाला पाठिंबा देताना जेधे-जवळकरांनी ब्राह्मणांना त्यात घेऊ नये अशी अट घातली, तेव्हा आंबेडकरांनी ती नाकारली. विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाला नाही, ही त्यांची भूमिका होती. बहुजन पाठिंब्याची त्या क्षणी किती गरज होती हे ध्यानात घेतले, म्हणजे ह्या नकाराचे वजन कळते. मित्रपक्षाच्या गृहीतालाही प्रश्न विचारण्याची ती तयारी होती. म्हणूनच त्या मंडपात सहस्रबुद्धे होते, चित्रे होते, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. ह्यांपैकी प्रत्येकाला आपापल्या जातीत त्याची किंमत मोजावी लागणार हे उघड होते.

आर. बी. मोऱ्यांचे पुढचे आयुष्य ह्या संदर्भात अधिक बोलके आहे. ते कम्युनिस्ट चळवळीत गेले, १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवनमार्ग’चे संपादक झाले, आणि पक्षात राहूनही जातिप्रश्नाकडे होणारे दुर्लक्ष दाखवीत राहिले. आंबेडकरांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही आणि मार्क्सवादही सोडला नाही. अशा माणसाचे काय करायचे, हे कोणत्याच प्रवाहाच्या समीक्षेला उमगले नाही. त्यांच्या आठवणींसह त्यांचे चरित्र २००३ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. तरीही १९७८ च्या ‘बलुतं’पासून सुरू होणाऱ्या दलित आत्मकथनांच्या चर्चेत त्याला अपवादानेच स्थान मिळते. कारण त्या आठवणींत वेदना आहे, पण तिच्या जोडीला संघटना, पत्रव्यवहार, सभा, मतभेद ह्यांचा दाट तपशील आहे. त्रयीत न बसणारे हे लेखन त्रयीच्या अपुरेपणाचा पुरावा आहे. समीक्षेने पुरावा बाजूला ठेवून त्रयी वाचवली.

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर ह्या दिवशी महाडला जनसमुदाय लोटतो. ह्या समुदायाची टर उडवणाऱ्या पांढरपेशा अभिरुचीला येथे यत्किंचितही थारा नाही, कारण त्या गर्दीत पुस्तकांची दुकाने लागतात आणि पुस्तके विकत घेतली जातात. वाङ्मयीन चर्चासत्रांना ही ईर्ष्या वाटावी अशी गोष्ट आहे. परंतु स्मरण आणि वाचन ह्यांत फरक आहे, आणि तो खुद्द आंबेडकरांनीच दाखवून दिला होता. १९४३ च्या रानडे-गांधी-जिना ह्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. हा इशारा देणाऱ्यालाच प्रश्नातीत करून टाकणे हा त्याचा सर्वांत सभ्य रीतीने केलेला पराभव आहे. तो अनुयायी करतात त्याहून अधिक कौशल्याने समीक्षक करतात, कारण अनुयायी निदान निष्ठेने बोलतो. समीक्षक सुरक्षिततेसाठी बोलतो.

७

ह्या विवेचनातून निघणारे कर्तव्य फार भव्य नाही. महाडच्या दोन्ही परिषदांतील भाषणे आणि ठराव, ‘बहिष्कृत भारता’तील त्या वर्षाचे अग्रलेख, वलंगकरांचे प्रश्न, मोऱ्यांच्या आठवणी आणि १९३७ चा निकाल ह्या सर्व संहिता एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत. त्यांची वाक्यरचना, त्यांतील प्रतिपक्षाची जागा, दाखल्यांची निवड, संबोधनाची पद्धत ह्यांचे विश्लेषण झाले पाहिजे. असे वाचन झाले, म्हणजे मराठी गद्याचा इतिहास बदलून लिहावा लागेल. दलित साहित्याची परिभाषाही बदलावी लागेल, आणि त्यातील वेदनेला अखेर तिची बुद्धी परत मिळेल. आंबेडकरांच्या काही प्रतिपादनांशी ह्या वाचनातून मतभेद निर्माण होतील. ते नोंदवण्याचे धैर्य असेल तरच वाचन झाले असे म्हणता येईल. महाडच्या वारशाशी ते सुसंगतच ठरेल.

नाही तर मराठी समीक्षेचा ठराव संमत झालेलाच आहे. दलित साहित्य मुख्य प्रवाहात आहे, अभ्यासक्रमात आहे, चर्चासत्रांत आहे. दार सर्वांना खुले आहे असे दप्तरात लिहून ठेवलेले आहे. १९२४ पासून १९२७ पर्यंत महाडच्या नगरपालिकेच्या दप्तरातही तसेच लिहिलेले होते.